गाडीस व गाडीवानास फुकट हात

रेटेमामांचं खरं आडनाव रेटे नव्हतं. खरं काय होतं ते पगाराच्या दिवशी शेठजींना सोडून कुणालाच आठवत नसे, आणि शेठजींनाही चष्मा लावल्याशिवाय नाही. बाकी जगाला ते रेटेमामा. काम रेटा देण्याचं म्हणून रेटे, आणि वय असं की काका म्हणावं तर कमी वाटतं नि आजोबा म्हणावं तर चिडतात, म्हणून मामा.

नोकरी अशी विचित्र, की लग्न ठरताना मुलीकडच्यांना समजावून सांगताना पुरेवाट झाली होती.

"मुलगा करतो काय?"

"ढकलतो."

"काय ढकलतो?"

"येईल ते."

सासरेबुवांना वाटलं, दिवस ढकलतो म्हणतायत. तसे तर आपणही ढकलतोच, असा विचार करून त्यांनी मुलगी दिली.

खालचा बाजार आणि वरची वस्ती यांच्यामध्ये एक फरशीचा रस्ता आहे. त्याला नुसतं 'चढ' म्हणतात. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत आणि रस्ता असा उभा, की खालच्या दुकानाचं छप्पर नि वरच्या दुकानाची पायरी एका पातळीत येतात. चढाच्या पायथ्याशी एक खोली आणि खोलीच्या भिंतीत एक दगडी पाटी. पाटीवर कोरलंय, 'येथे गाडीस व गाडीवानास वर चढण्यास फुकट हात मिळेल.' तो फुकट हात म्हणजे रेटेमामा.

या फुकट हाताची गोष्ट बाजारात सगळ्यांना पाठ आहे. फार पूर्वी चढाच्या माथ्यावर एका लाकडाच्या व्यापाऱ्याचं घर होतं. एका भर दुपारी तो जेवून गच्चीत हात वाळवत उभा होता. खालून त्याच्याच वखारीची लाकडं घेऊन एक हातगाडीवाला वर येत होता. अर्ध्या चढावर गाडी थबकली. पुढे रेटायला जोर नाही, मागे सोडावी तर गाडी अंगावर. गाडीवाला नुसता धरून उभा राहिला. दुकानदार बघत होते, गिऱ्हाइकं बघत होती, वरून व्यापारीही बघत होता. प्रत्येकाला वाटत होतं, कुणीतरी जाईलच. कुणी गेलं नाही. गाडी सुटली, आणि माणूस वाचला तरी त्याचा पाय गेला. व्यापाऱ्याने नंतर त्याला जन्मभर पोसलं म्हणतात, पण तेवढ्याने त्याला झोप येईना. शेवटी खालच्या बाजारातली आपली दुकानांची चाळ त्याने धर्मादाय करून टाकली. तिच्या भाड्यातून चढाच्या पायथ्याशी कायम दोन दणकट माणसं ठेवायची, त्यांना तिथेच राहायला खोली द्यायची, आणि येईल त्या गाडीला त्यांनी हात लावायचा. कुणीतरी जाईल, असं कुणाला वाटायलाच नको. जाणारा माणूस ठरलेला असावा.

रेटेमामा भरती झाले तेव्हा गाड्यांची रीघ होती. सोबत एक जोडीदार होता, अंगाने आडवा, बोलण्याने त्याहून आडवा. डावं चाक त्याचं, उजवं रेटेमामांचं. गाडीच्या पाठीला हात लावून ढकलणारा हौशी असतो. खरा रेटा द्यायचा तो चाकाच्या आऱ्याला, आणि दम खायला थांबलं की चाकामागे दगड सारायचा. जोडीदार प्रत्येक गाडीवाल्याला विचारायचा, "काय भरलंय? सासुरवाडी?" संध्याकाळी दोघांचे खांदे असे भरून यायचे, की तोंडात घास घालताना हात वर जायचा नाही, तोंडच खाली आणावं लागायचं. पण झोप मात्र राजाची.

भरतीच्या दिवशी तेव्हाच्या थोरल्या विश्वस्तांनी त्यांच्या छातीवर पितळी बिल्ला लावला आणि बोट नाचवून एक ताकीद दिली. आधीचा एक ढकल्या दुकानदारांच्या पेट्या नि बिऱ्हाडाचं सामान वाहून वरकमाई करत होता, त्याचा राग ते रेटेमामांवर काढत होते.

"पाटीवर काय लिहिलंय? गाडीस व गाडीवानास. गाडीखेरीज कशालाही हात लावलास तर तो अपहार होईल. कळलं? अपहार!"

रेटेमामांना चोरी ठाऊक होती, लबाडी ठाऊक होती. अपहार हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला, आणि न कळलेल्या शब्दाची भीती कळलेल्या शब्दापेक्षा जास्त. चोर निदान पकडला जातो. अपहार करणाऱ्याचं काय होत असेल, देव जाणे.

मग डोंगराला वळसा घालून मागून मोठा रस्ता झाला. टेम्पो तिकडून जाऊ लागले. चढ वाहनांना धोक्याचा म्हणून नगरपालिकेने दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवले. हातगाडी जेमतेम जाईल एवढी फट ठेवली खरी, पण हातगाड्याच राहिल्या नव्हत्या. जोडीदार निवृत्त झाला, त्याची जागा कुणी भरली नाही. रेटेमामा एकटेच बिल्ला लावून खोलीबाहेरच्या बाकावर बसू लागले. महिन्यातून एखादी गाडी यायची, तीही रिकामी. गाडीवाला म्हणायचा, "राहू द्या मामा, हलकी आहे." रेटेमामा म्हणायचे, "अरे, पाठीला नुसता हात तरी लावू दे." पुढे तीही येईनाशी झाली.

गाड्या गेल्या तरी चढ कुठे गेला होता? वरच्या वस्तीत जमीन स्वस्त, म्हणून सरकारी दवाखाना चढाच्या माथ्यावर बांधला गेला. ज्यांना चालवत नाही त्यांनीच जिथे जायचं, ती जागा जिथे चालवत नाही तिथेच बांधायची, ही अक्कल फक्त सरकारकडे असते. बस यायची पायथ्यापर्यंत. रिक्षा मागच्या रस्त्याने वळसा घालून न्यायच्या, आणि वळशाचे पैसे वळसा घालूनच मागायच्या. तेव्हा गुडघे धरलेले, छाती भरून येणारे, प्लास्टर घातलेले, असे सगळे लोक चढाकडे तोंड करून उभे राहायचे आणि सुस्कारा टाकायचे.

त्यांतल्या एक हेडबाई. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. बाजारातल्या निम्म्या बायकांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या, रेटेमामांच्या बायकोनेसुद्धा. एका सकाळी हेडबाई अर्ध्या चढावर भिंत धरून उभ्या राहिलेल्या रेटेमामांना दिसल्या. पुढेही जाईनात, मागेही येईनात. रेटेमामा बाकावरून उठले, परत बसले. पाटीकडे बघितलं. हेडबाई काही गाडी नव्हत्या. मग त्यांनी छातीवरचा बिल्ला काढला, खोलीत खुंटीला अडकवला, आणि चढाकडे धावत सुटले. बाईंच्या पाठीला मधोमध पंजा टेकवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त पाय उचला. बाकीचं मी बघतो."

तेव्हापासून तो रिवाज झाला. बिल्ला खुंटीवर म्हणजे रेटेमामा नुसता माणूस, कुणालाही हात लावायला मोकळा. बिल्ला छातीवर म्हणजे धर्मादाय, फक्त गाडीला. पुढे कुणीतरी दवाखान्याने टाकून दिलेली चाकांची खुर्ची आणून दिली आणि सकाळभर खुर्चीच्या फेऱ्या सुरू झाल्या. बिल्ला खुंटीवरून उतरेना.

पण मन खात होतं. पगार मेलेल्या माणसाचा नि वेळ दुसऱ्याच कामाला! म्हणून रेटेमामांनी स्वतःच एक फेड काढली होती. सकाळी जेवढा वेळ माणसांत गेला तेवढा वेळ संध्याकाळी, काम सुटल्यावर, बिल्ला लावून बाकावर बसून गाडीची वाट बघायची. बायको दारातून ओरडायची.

"अहो, जेवायला या की!"

"थांब. अजून थोडं देणं आहे."

"कुणाचं?"

"त्यांचंच." रेटेमामा वर माथ्याकडे बोट दाखवायचे. तिथे आता दवाखाना होता, व्यापाऱ्याच्या घराची वीटसुद्धा नव्हती.

"अहो, मेलेली माणसं घड्याळ बघत नाहीत. भाजी निवतेय."

शिवाय त्यांनी सगळ्यांना शपथा घालून ठेवल्या होत्या. कुठे बोलू नका. शेठजींना कळलं तर अपहार होईल. लोकांना वाटायचं मामा विनयशील आहेत. मामा प्रत्यक्षात भेदरलेले होते.

आणि मग शेठजींनी बोलावणं पाठवलं. शेठजी म्हणजे आताचे थोरले विश्वस्त, खिळ्याबिजागऱ्यांचे व्यापारी. ते गल्ल्यावर बसून गवंड्यांचे ओलांबे मोजत होते.

"रेटेमामा, कोर्टात अर्ज केलाय. धर्मादायाचा हेतूच संपला आता. गाड्या कुठायत? तेव्हा कोर्टाच्या परवानगीने हेतू बदलून घ्यायचा."

"म्हणजे माझं..."

"तुमचं काम बंद. खोलीही सोडावी लागेल. काहीतरी निरोपाचं देऊ की तुम्हाला, एवढी वर्षं..." शेठजी ओलांब्यांकडे बघत म्हणाले. "चढाच्या तोंडाशी एक झकास कमान बांधायची. वर दात्यांचं नाव. खाली, बारीक अक्षरात, विश्वस्तांची."

ही बारीक अक्षरं किती बारीक असतील याचा अंदाज बाजाराला होता.

घरी येऊन रेटेमामांनी बायकोला सांगितलं. तेव्हा पंक्चर काढणारा मेव्हणा तिथेच बसला होता. दुसऱ्याच्या संकटात उपाय सुचवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतःच्या संकटात तो ताईकडे यायचा.

"दाजी, हेतू संपला म्हणतायत ना? मग संपलेला नाही असं दाखवायचं. कोर्टाचा माणूस पाहणीला येईल. त्या दिवशी चढावर गाड्याच गाड्या!"

"आणायच्या कुठून?"

"एक आणतो ना मी. भंगारवाल्याची आहे."

"एका गाडीच्या गाड्याच गाड्या कशा होतील?"

"फिरवायची, दाजी. नाटकात सैन्य कसं असतं? चार माणसं मागून फिरून पुढे येतात."

बायको म्हणाली, "त्यापेक्षा खरं सांगा ना, की दिवसभर माणसं चढवतो म्हणून."

"वेडी आहेस का? नोकरी जाईल ती जाईल, वर अपहार लागेल!" रेटेमामांचा चेहरा असा झाला, की तिने विषय सोडला.

पाहणीला आलेले निरीक्षक उंच, किडकिडीत, घामाने डबडबलेले. त्यांना सावलीला खुर्ची दिली. रेटेमामा बिल्ला घासूनपुसून ताठ उभे. इतक्यात खालून मेव्हणा गाडी ओढत आला. गाडीवर घरातली गादी, दोन पिंपं, आणि बायकोची शिवणयंत्राची पेटी. "अहो, हात द्या कुणीतरी!" तो असा ओरडला, की दोन दुकानांतून माणसं खरंच धावली. रेटेमामांनी आऱ्याला हात घातला. किती दिवसांनी! गाडी वर गेली. मेव्हणा मागच्या रस्त्याने धापा टाकत परत आला, आणि पुन्हा "हात द्या!" दुसऱ्यांदाही निभावलं. तिसऱ्यांदा निरीक्षक खुर्चीतून पुढे वाकले.

"ही गादी मघाशी वर गेली होती ना?"

"हो साहेब," मेव्हणा म्हणाला, "वरच्यांना पसंत पडली नाही."

"आणि पिंपं?"

"ती गादीबरोबरच असतात, साहेब. एका घरातली आहेत."

निरीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. नेमकी तेव्हाच बस आली आणि हेडबाई उतरल्या. रोजच्यासारख्या पायथ्याशी येऊन थांबल्या. रेटेमामांनी त्यांच्याकडे बघितलं, छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं, निरीक्षकांकडे बघितलं. डोळ्यांनी खुणावलं, आज नाही, जरा थांबा. हेडबाई उन्हात थांबल्या. चाकांची खुर्ची घरात पलंगाखाली दडवलेली होती.

"आज माझा नंबर नाही वाटतं," बाई हळूच म्हणाल्या. मग शाळेची वेळ चुकवायची नाही अशा निग्रहाने एकट्याच चढू लागल्या.

रेटेमामा गादीच्या गाडीला रेटा देत होते. पुढे मेव्हणा खोटं खोटं कण्हत होता. आणि त्यांच्या बाजूने, हाताच्या अंतरावरून, हेडबाई एकेक पाऊल टाकत होत्या. अर्ध्या चढावर त्यांनी भिंत धरली. रेटेमामांचा उजवा हात आपोआप आऱ्यावरून सुटला. पण निरीक्षक मागून चालत येत होते. हात परत आऱ्यावर गेला.

शेवटी निरीक्षकच पुढे झाले. "या, आजी," म्हणून त्यांनी बाईंचा दंड धरला, आणि दोघं एकमेकांना धरून, एकमेकांहून जास्त धापा टाकत, वर पोचले. "मी तुमची आजी नाही," एवढं हेडबाई वर पोचल्यावर म्हणाल्या, "पण आभारी आहे."

त्या दिवशी रेटेमामा जेवले नाहीत. बायकोने विचारलं तर म्हणाले, "मी बघत राहिलो गं." बस्स. त्या व्यापाऱ्याचं नाव तिने लहानपणापासून ऐकलं होतं, पण त्याला झोप का येत नव्हती हे तिला त्या दिवशी कळलं असावं.

कायद्याचंही इथे सांगायला हवं. एखाद्याने चांगल्या कामासाठी पैसा ठेवला आणि ते कामच जगातून उठलं, तर तो पैसा कुणाच्या खिशात जात नाही, आणि विश्वस्तांना वाटेल तिथेही जात नाही. कोर्ट बसून विचार करतं, की मूळ इच्छेच्या जवळात जवळ काय येईल? म्हणजे मेलेल्या माणसाच्या मनात शिरायचं. जिवंत माणसाच्या मनातलं कळायची मारामार, तिथे हे काम न्यायाधीशांच्या गळ्यात. बरं, मेलेला माणूस उलटतपासणीला यायचा नाही.

न्यायाधीशबाई मध्यमवयाच्या, आवाज बारीक, नजर मात्र रंध्यासारखी. बोलणाऱ्याचा वरवरचा पापुद्रा सोलून काढायच्या. शेठजींच्या वकिलांनी आधी निरीक्षकांचा अहवाल वाचून दाखवला. गादीच्या उल्लेखावर कोर्टात हशा पिकला. मेव्हणा मागच्या बाकावर बुटाची लेस बांधायला वाकला, त्याच्या पायात चपला होत्या. मग वकिलांनी रेटेमामांना पिंजऱ्यात बोलावलं.

"खरं बोलेन अशी शपथ घेतलीत. गादीची गाडी सोडा. गेल्या वर्षात खऱ्या गाड्या किती ढकलल्या?"

"नाही आल्या फारशा."

"फारशा म्हणजे?"

"एकही नाही."

"मग दिवसभर करता काय?"

समोर शेठजी, वर न्यायाधीशबाई, आणि कानात तो जुना शब्द. निष्क्रिय माणसाची फार तर नोकरी जाते, अपहार करणाऱ्याचं काय होतं ते त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं.

"बसतो," ते म्हणाले.

"दिवसभर?"

"दिवसभर."

"महोदया," वकील दोन्ही हात पसरून म्हणाले, "आणखी पुरावा काय हवा? हा मनुष्य बसतो!"

"खोटं!"

मागून असा आवाज आला, की पंखासुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. रेटेमामांची बायको उभी होती.

"खोटं बोलतायत ते, बाईसाहेब! बसतात कधी? मला चहा पिताना दिसले नाहीत कधी बसलेले! अख्ख्या दवाखान्याचे पेशंट यांनी वर चढवलेत. पाठीला हात लावून, खुर्चीत घालून, एकदा तर पाठुंगळीला मारून! मी लग्न केलं तेव्हा मला सांगितलं होतं, हा माणूस ढकलतो म्हणून. आज इतक्या लोकांत बसतो म्हणतात, मला नाही ऐकवत!"

"अगं, गप!" रेटेमामा पिंजऱ्याचा कठडा धरून ओरडले. "अपहार लागेल ना!"

न्यायाधीशबाईंनी हात वर केला. त्यांनी तिला रागावून खाली बसवलं, मग रीतसर शपथ देऊन पुढे बोलावलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. तिने सांगितलं. बिल्ला खुंटीवर अडकवायचं, संध्याकाळी देणं फेडत बसायचं, खुर्ची पलंगाखाली लपवायचं, सगळं. सांगताना मध्येच तिचा आवाज चिरकला. खरं तर रागाने, पण लिहिणाऱ्या कारकुनाला ते रडणं वाटलं.

निरीक्षक उठले. "महोदया, त्या दिवशी एक बाई पायथ्याशी कुणाची तरी वाट बघत उभ्या होत्या. कुणाची ते मला आता कळतंय. माझ्या अहवालात हे आलेलं नाही."

न्यायाधीशबाई रेटेमामांकडे वळल्या. "हे खरं?"

"खरं आहे, बाईसाहेब. चुकलं माझं. पण बिल्ला लावून मी कधीच कुणा माणसाला हात लावला नाही. एकदाही नाही."

"संध्याकाळी बसायचात ती फेड कुणी सांगितली होती?"

"कुणी नाही. पगार त्यांचा घेतो ना."

वकील घाईने म्हणाले, "म्हणजे कबुलीच झाली, महोदया. धर्मादायाचा वेळ भलत्या कामाला वापरला. न्यासपत्रात स्पष्ट आहे, गाडीस व गाडीवानास."

"वकीलसाहेब, त्या व्यापाऱ्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे?"

"साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"मग सांगा. गच्चीत उभं राहून त्याला दया कुणाची आली होती? गाडीची की माणसाची?"

वकिलांनी शेठजींकडे बघितलं. शेठजी छताकडे बघत होते.

"गाडीला तर काही झालंच नव्हतं, असं माझ्या ऐकण्यात आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "लाकडाची चाकं होती, बदलली असतील."

निकाल काही दिवसांनी लागला. त्यात कमानीला अर्धीच ओळ मिळाली. चढ शोभिवंत व्हावा अशी दात्याची इच्छा कुठेही दिसत नाही, चढ चढता यावा अशी दिसते. गाडीचा हेतू काळाने संपवला हे कोर्टाने मान्य केलं. त्याच्या जवळात जवळचा हेतू शोधायला मात्र फार लांब जावं लागलं नाही, कारण तो कुणीतरी आधीच, चोरून, चालवत होता. यापुढे चाळीचं भाडं 'चढ चढणे ज्यास अवघड आहे अशा कोणासही' वर पोचवण्यासाठी खर्च व्हावं, चांगल्या ब्रेकच्या खुर्च्या घ्याव्यात, रिकामी राहिलेली दुसरी जागा भरावी, आणि सध्याच्या सेवकास कामावर ठेवावं. अपहाराबद्दल एक वेगळं वाक्य होतं: कोर्टास तो कुठेही आढळला नाही.

ते वाक्य कोर्टातल्या कारकुनाने रेटेमामांना दोनदा वाचून दाखवलं. रेटेमामा म्हणाले, "म्हणजे त्याचं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाहीच."

त्याच दुपारी ते हेडबाईंच्या घरी गेले, दारातच उभे राहिले, आणि त्या दिवसाबद्दल काहीतरी पुटपुटू लागले. हेडबाईंनी मध्येच थांबवलं. "उद्या पहिल्या बसने येणार आहे मी. उशीर केलास तर बघ." शाळेत त्या माफ असंच करायच्या, म्हणे.

आता गंमत अशी, की सगळं रीतसर झाल्यावर रेटेमामांची पत घसरली. आधी चोरून हात लावायचे तेव्हा लोक म्हणायचे, किती हो मामांचे उपकार! कुणी फुलं द्यायचं, कुणी जुना सदरा, कुणी नुसता आशीर्वाद. आता नव्या खुर्च्या आल्या, दुसऱ्या जागेवर एक तरणी मुलगी आली, तिचे दंड रेटेमामांच्या उमेदीतल्या दंडांसारखे. पाटीखाली नवी पाटी लागली, आणि उपकाराचा हक्क झाला. लोक बसमधून उतरल्या उतरल्या घड्याळ बघू लागले. एकाने शेठजींकडे तक्रार केली, खुर्चीची गादी कडक आहे. शेठजींनी ती तक्रार मोठ्या समाधानाने रेटेमामांपर्यंत पोचवली. बायको चिडली. "बघा, फुकट तेव्हा गोड होते, आता कारल्यासारखे झालात!"

रेटेमामा त्यावर विचार करत राहिले. गोडवा गेला हे खरं होतं. पण संध्याकाळी काम सुटलं की आता ते सरळ घरात येत, भाजी गरम असताना जेवत, आणि जेवताना पूर्वीसारखं तोंड खाली न्यावं लागे.

एका सकाळी कुबड्या घेतलेले एक गृहस्थ बसमधून उतरले. रेटेमामा नुकतेच एकाला वर पोचवून परत येत होते, जरा धाप लागलेले. गृहस्थ कडाडले, "अहो, किती वेळ उभं राहायचं माणसाने? पगार घेता ना?"

पलीकडच्या दुकानदाराने मान वर केली. शेजारी उभ्या तरण्या मुलीने ओठ आवळले, आता मामा काय उत्तर देतात म्हणून. रेटेमामांनी खुर्ची वळवली, ब्रेक लावला, गृहस्थांच्या कुबड्या हातात घेतल्या, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"घेतो ना! बसा."